लख्ख

ओमनीचं इंजिन सीटखाली असतं.
म्हणजे आलेश मिनेझिस अकरा वर्षं
भट्टीवर बूड टेकून बसला होता
आणि त्याला नुसतं उकडत होतं.

सीट उचलली. आधी निघाली
बाणावलीची मूठभर वाळू,
बायकी केसांचा एक चाप,
आणि विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या
सोड्याच्या चार बाटल्या.
मी बाटल्यांकडे पाहिलं.
आलेशनं रस्त्याकडे.

डिपस्टिकवर तेल नव्हतं, चहा होता,
दुधाळ, साय धरलेला.
"काटा लालात जायचा?"
"ना रे पात्रांव. केन्नाच ना."

हेडचे बोल्ट आठ.
बाहेरून आत यायचं, पाव फेरा,
मग समोरचा, पुन्हा पाव फेरा.
एकाला एकदम मोकळं केलं
तर बाकीचे ओढतात, आणि अ‍ॅल्युमिनियम
भांडत नाही, वाकतं.
रोहिदासनं पुठ्ठ्याला भोकं पाडून
ज्याचा तो ज्याच्या जागी खोचला.
आठवा असा करकरला
की पोदेराच्या भट्टीसमोरचं कुत्रं
उठून दुसऱ्या सावलीत गेलं.

लाकडी मोगरीचे दोन ठोके.
हेड सुटलं,
आणि कुडचड्याच्या भर दुपारी
पाणी मारून विझवलेल्या चुलीचा वास आला.

तीन पिस्टन.
पहिला काळा. तिसरा काळा,
काजळीचा थर नखानं खरवडावा इतका.
मधला लख्ख.
घासून पालथ्या घातलेल्या वाटीसारखा लख्ख.
रोहिदास खूश. "हा तरी बरा निघाला."
"तोच," मी म्हटलं.
"गॅस्केट तिथं फुटलंय. पाणी तिथं येत होतं.
वाफेनं धुऊन धुऊन तो असा झालाय."

तेव्हा आलेश बोलला,
माझ्याशी नाही, बोल्टांच्या पुठ्ठ्याशी.
सोमवार आणि गुरुवार. बांबोळी.
फिलूचं डायलिसिस, नंबर सकाळी सातचा.
वेर्ण्याच्या चढाआधी थांबून बाटली ओतायची,
तिला सांगायचं, हवा बघतो.
"तिला वाटतं माझे टायरच वाईट."

सरळपट्टी आडवी धरली.
फीलरची पंधराची पाती
मधोमध सहज आरपार गेली.
मी पाती त्याला दाखवली नाही.

मडगावच्या लेथवर न्यायला
हेड गोणपाटात गुंडाळून
कदंब बसमध्ये मांडीवर घेतलं.
कंडक्टरनं बोट लावून पाहिलं.
"हें कितें?"
"हेड."
"कोणाचें?"
मी आलेशचं नाव सांगितलं
आणि त्यानं न हसता
एक अर्धं तिकीट फाडलं.

चांदर येईतो गोणपाटातून
काहीतरी झिरपत गुडघ्यापर्यंत आलं.
बोटानं पुसून उजेडात धरलं.
तेल नव्हतं.