कोटांच्या खिशांत

दुलुथच्या कॉलेजात, तळघरात, बॉयलरशेजारी
माझी खोली. बेचाळीस कोट, एक इस्त्री,
आणि एक आरसा, जो माणसाला जरा उंच दाखवतो.
तक्रार आली नाही, म्हणून बदलला नाही.

परवा जिममध्ये नोकऱ्यांचा मेळावा.
बास्केटबॉलच्या रेषांवर टेबलं लागतील,
टेबलांवर फुकटची पेनं, गोळ्यांचे वाडगे,
आणि मागे, सकाळपासून तेच ते हसून
गाल दुखलेली माणसं.

पोरं आज येतात. नोव्हेंबर, बुटांना मीठ लागलेलं,
बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात ते.
मी म्हणते, आधी बूट पूस.
कोटाचं नंतर बघू.

पाओ व्हांगचा बायोडेटा तीन पानांचा.
एका पानात बसव.
मिसेस लिंडक्विस्ट, मग काय गाळू?
दर शनिवारी बाजारात आईबरोबर भाजी विकली,
सात वर्षं, ते गाळू?
नाही रे बाबा. ते वर घे.
टेबलामागे उभं राहून पाय कसे दुखतात
हे तुला ठाऊक आहे, परवा समोर उभ्या
अर्ध्या लोकांना ते ठाऊक नसेल.
गाळायचं ते मेहनती, जिद्दी, प्रामाणिक.
ती कोटाच्या आतली लेबलं.
बाहेर लोंबली तर वाईट दिसतं.

ऐली केट्टुनेन बोलतच नाही.
तिच्या घराण्यातच शब्द जपून वापरतात;
बाप खनिजाच्या बोटीवर, महिनोन्‌महिने सरोवरात,
फोनवर हवामान सांगतो आणि ठेवून देतो.
अर्ध्या मिनिटात स्वतःबद्दल सांग म्हटलं,
तर अर्धं मिनिट तिने माझ्याकडे नुसतं बघितलं.

बरं, म्हटलं, त्या कोटांना सांग.
राखाडी कोटाला तिने नाव सांगितलं.
निळ्याला, जरा थांबून, पुलाचं.
की बंदरावरचा पूल वर उचलला जायचा
तेव्हा ती कठड्याला टेकून आकडे मोजायची,
बापाची बोट खालून जायला किती लागतात.
एकदा आकडा चुकला आणि ती रडली.
म्हणून पूल. म्हणून इंजिनिअरिंग.

हेच सांग, मी म्हटलं.
मला आव्हानं आवडतात, ते नको.
ते या बेचाळीस कोटांनी ऐकलंय.

मग हात मिळवणं. तळवा कोरडा.
मासा धरल्यासारखा नको, दोर ओढल्यासारखा नको.
हव्या त्या टेबलावर आधी जाऊ नकोस,
नको असलेल्या एखाद्यावर जा, जिभेचा गंज तिथे काढ.
(त्या नको असलेल्या माणसाचं मला वाईट वाटतं.
तरी सांगते.)
आणि एक प्रश्न घेऊन जा, ज्याचं उत्तर
तुला खरंच माहीत नाही.

कोट परत येतात तेव्हा मी खिसे तपासते.
पुदिन्याच्या गोळ्या, बसचं तिकीट,
यादीतली एकच कंपनी तीनदा खोडलेली,
आणि घामाने फिकट झालेली चिठ्ठी :
सावकाश. सावकाश.
अक्षर कोणाचं, नोंदवहीत शोधता येईल.
शोधलं नाही. चिठ्ठी तिथेच ठेवली,
राखाडी कोटाच्या डाव्या खिशात.

ऐलीने राखाडीच घेतला. बाह्या बोटभर लांब.
आत दुमडून टाके घातले, उसवता येतील असे.
मी स्वतः अशा मेळाव्याला कधी गेले नाही.
एकतीस वर्षांपूर्वी इथे आले, तेव्हा
एवढंच विचारलं होतं, शिवता येतं का?
येतं म्हटलं.
येत नव्हतं. त्या रात्री शिकले.
हे मी पोरांना सांगत नाही.

ऐली दारात थांबली. डाव्या खिशात हात घातला,
काहीतरी लागलं, बाहेर काढलं नाही.
म्हणाली, आज बाबांना मी फोन करते.
ते हवामान सांगायच्या आत बोलून टाकते.

इस्त्री अजून गरम आहे. चाळीस कोट उरलेत.
जिन्यावर पाओ कोणालातरी विचारतोय,
सात वर्षांचे शनिवार
एका ओळीत कसे लिहितात.