साडेतीन ते पाच

एप्रिलात महापालिकेची माणसं आली.
दोन बादल्या पांढरा रंग, एक लांब दांड्याचा ब्रश,
आणि तस्नीमचं पत्र्याचं छत
दुपारपर्यंत सायीसारखं झालं.

आशाताई पंचफुला भिंतीचा थर्मामीटर वाचून गेली:
परवा त्रेचाळीस, आज एकोणचाळीस.
चार अंश म्हणजे किती
ते बाळाच्या मानेवर दिसलं.
घामोळ्या वाळल्या. पोर दुपारचं झोपायला लागलं.
ते झोपलं म्हणून तस्नीम झोपली,
बाळंतपणानंतर पहिल्यांदा.

मी समोर, दुसऱ्या मजल्यावर. ब्लाउज शिवते.
खिडकी मावळतीची.
परभणीचं ऊन वरून येतं, एवढंच ठाऊक होतं.
आता साडेतीनला ते छत पेटतं,
धूर नाही, जाळ नाही,
नुसता उजेड, खालून वर.
वरच्या उन्हाला डोक्यावर पदर घेता येतो.
हनुवटीखालून येणाऱ्याला काय घ्यायचं?

सुईचं नेढं दिसेना.
पोखर्णीच्या शिक्षिकाबाईंची डावी बाही
उजवीकडं लागली, तीही अस्तरासकट.
रात्री डोळ्यांत वाळू, कपाळात ठणका.
डॉक्टर म्हणाले, काळा चष्मा लावा.
काळा चष्मा लावून काळे हुक कोण लावतं, साहेब?

तक्रार करायला दोनदा जिना उतरले.
दोनदा पाळण्याची दोरी ओढून,
चहा पिऊन परत आले.

तिसऱ्या वेळी अफसरनंच विचारलं,
"खाला, आँखां कायकू लाल?"
सांगावं लागलं.
तो वर आला, माझ्या स्टुलावर बसला,
डोळे बारीक करून स्वतःचं छत पाहिलं.
पहिल्यांदाच.
आपलं छत आपल्याला कुठं दिसतं.

रविवारी मोरीवरचा पत्रा तेवढा
त्यानं विटकरी रंगानं झाकला.
थोडं कमी झालं. सगळं नाही.
मी मशीन हातभर आत सरकवली;
भर दुपारी बल्ब लागतो,
मीटर फिरतं, फिरू दे.

मोरी आता भट्टीसारखी तापते.
"तिथं कोण बसतंय," अफसर म्हणतो.
तस्नीम काही म्हणत नाही.
धुणं तिनं पहाटेवर नेलं.

पाचला धोपटण्याचा आवाज येतो,
मध्येच थांबतो, बाळ रडलेलं असतं,
मग पुन्हा.
मी जागीच असते,
डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून.