धार

पापाच्या तिकटीजवळ, पतसंस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर
पश्चिमेची अख्खी भिंत काचेची.
तीननंतर कॅशियर गॉगल लावून नोटा मोजायचा.
स्क्रीनवरचा आकडा दिसावा म्हणून नलवडेबाई
खातेवहीचं छप्पर करून वाकायच्या.
एसीचं बिल बघून चेअरमन म्हणाले,
"शिकलगार, ऊन तेवढं निम्म्यावर आणा."
व्याजाचा दर असावा तसं.

आमचं आडनावच धारेचं.
आजा सायकलला चाक बांधून गल्ल्या फिरायचा,
विळी, कात्री, अडकित्ता,
चाकाला टेकवलं की ठिणग्या.
मी धार मोडतो.
उन्हाची.

पाण्यात दोन थेंब शाम्पू.
आधी काच ब्लेडनं खरवडायची:
दसऱ्याच्या तोरणाची चिकटपट्टी, माशांचे ठिपके,
कुणीतरी नखानं डिंकात कोरलेला एक बदाम.
मग फिल्मची पाठ सोलायची, कांद्याच्या पापुद्र्यागत,
श्वास धरून.
एक केस आत गेला
की तो तिथंच, दहा वर्षं, माझ्या नावावर.
मधून कडेला रबर ओढत पाणी हाकलायचं.
राहिलेले बुडबुडे महिन्याभरात आपोआप जातात,
असं मी सगळ्यांना सांगतो.
बहुतेक जातात.

चार वाजता कॅशियरनं गॉगल काढला.
रंकाळ्याकडचं आभाळ काचेतून जांभळट झालेलं.
शिपाई चहा आणायला निघाला
तो छत्री घेऊन.

महिन्यानं बोलावणं आलं, एक बुडबुडा हटत नाही म्हणून.
सुई टोचली, हवा काढली, सहज खाली बघितलं
तर समोरच्या माडीवर, पूर्वेच्या खिडकीत, सुसाक्का
चपलेच्या पट्ट्याची वेणी घालत बसलेली,
पदर नाकापर्यंत ओढून
नव्या नवरीगत.
वय साठ.
तिच्या खिडकीत दुपारनंतर कधी ऊन नव्हतं.
ते मी पाठवलेलं.

कार्तिकात हेच ऊन
देवळात पायरी-पायरीनं आत यावं म्हणून
माणसं घड्याळाकडं बघत दाटीनं उभी असतात,
पायाशी पोचलं का, कमरेशी पोचलं का,
श्वास धरून.
इथं ते न बोलावता रोज येत होतं
आणि चामडं ताठ करून जात होतं.

जिना उतरलो, रस्ता ओलांडला, तिचा जिना चढलो.
"तुमीच व्हय ते?" म्हणाली.
शिवी नाही, काही नाही.
"भिजवून ठेवलं की वाळतंय बघ. वादी चिरती.
आन् दोरा दिसंना झालाय."

पिशवीत उरलेले तुकडे होते:
मोरेवाडीच्या बंगल्यातला निळसर,
राजारामपुरीच्या दातांच्या दवाखान्यातला करडा,
गाडीला नको, पोलीस धरतात, म्हणून परत आलेला काळा.
जोडून जोडून लावले.
काचेची गोधडी झाली, शिवण दिसणारी.
चेअरमननी बघितली असती तर बिल दिलं नसतं.

पैसे घेतले नाहीत.
तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर
माझं पाऊल ठेवून घेतलं
आणि पेन्सिल फिरवली,
अंगठ्याशी जरा गुदगुल्या झाल्या.

शेवटचा तुकडा बसला तसं वाकून बघितलं.
खाली गल्लीत, सावलीत, एक कुत्रं झोपलेलं.
उठलं. डोळे बारीक केले.
दोन हात सरकलं
आणि परत पडलं.