नऊ कार्डं

नवव्या वर्षी मला कावीळ झाली.
उसाचा रस, फुटाणे, बिनफोडणीचा भात,
आणि खिडकीतून दांडिया बाजारातल्या सायकलवाल्याची पाटी,
तिचं एक अक्षर निखळून लोंबणारं.
काडेपेटीचे छाप जमवायचा मला नाद.
आख्ख्या गल्लीत मिळून प्रकार अकराच.

मनूआत्या प्रतापनगरला, रेल्वेच्या हिशेब कचेरीत.
अक्षर मोत्यासारखं नव्हे, हरभऱ्यासारखं:
ठसठशीत, मोजून घेता येईल असं.
पगाराच्या दिवशी तिनं नऊ कार्डं आणली, पंधरा पैसेवाली,
आणि लिहिलं:
"आमचा मुकुंद टिपणीस, वय नऊ, अंथरुणाला आहे.
त्याला एक छाप पाठवा.
जमल्यास आणखी नऊ जणांना कळवा.
नाही जमलं तरी काही बिघडत नाही."

ही शेवटची ओळ कार्डाच्या तळाशी होती,
जागा कमी, म्हणून बारीक.
सगळ्यात आधी तीच गळाली.

मिरजेहून जहाज आलं. बऱ्हाणपुराहून पोपट.
इटारसीच्या कुणा गार्डानं दोन तलवारी पाठवल्या,
"लवकर उठ, मर्दा" असं मागे लिहून.
दिवाळीपर्यंत मी उठलो. चकल्या खाल्ल्या. शाळेत मारही खाल्ला.
टपाल वाढतच गेलं.
रमणिकभाई आधी हातात देई,
मग पिशवी उलटी करी,
मग एकदा गोणीच ओट्यावर आपटून म्हणाला,
"बेन, आ छोकरो साजो थयो के नही?"
छोकरो तिथेच पेरू खात बसला होता.

कार्डांतून मात्र मी खंगत चाललो.
नागपूरपर्यंत कावीळ टिकली,
पुढे यकृत गेलं, मग रक्त नासलं,
धारवाडकडच्या एका कार्डात माझी आई वारली.
आईनं ते वाचलं, आत गेली,
आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिली.
टिपणीसचं टपणीस झालं, टपणीसचं टपके.
वय तेवढं नऊ.

आणि कुठेतरी, कुणीतरी, एक ओळ वाढवली:
साखळी तोडाल तर तुमच्या घरचं लेकरू अंथरूण धरील.
तो माणूस दुष्ट असेल असं मला वाटत नाही.
पोराला छाप मिळावेत एवढंच त्यालाही वाटलं असेल.
लोक आळशी. थोडा धाक बरा.

मग सावद्याहून एक कार्ड आलं, पेन्सिलीनं लिहिलेलं,
खळीनं डकवलेला अर्धा फाटका छाप:
"माझ्यापाशी नऊ कार्डांचे पैसे न्हाईत. तीन धाडली.
सुमीला कालपासून ताप हाय.
मुकुंदबाळाला सांगा, रागावू नको."

त्या रात्री आत्या जेवली नाही.
मी रागावलो नव्हतो. मला कुणी विचारलंच नाही.
सकाळी टपाल कचेरी उघडायच्या आधी ती पायरीवर.
"शाप नाही. कुणी घातलेला नाही. मुलगा धडधाकट आहे.
सुमीचा ताप उतरला का, ते कळवा."
सावद्याहून उत्तर आलं नाही.
दुसऱ्या कार्डालाही नाही. तिसऱ्यालाही.

पुढची बावीस वर्षं, पगारातून, मग पेन्शनीतून,
पत्ता मिळेल तिथे तिनं लिहिलं: थांबवा.
काही भल्या माणसांनी तेही उतरवून घेतलं
आणि खाली जोडलं: नऊ जणांना कळवा.
कुठल्याशा रात्रीच्या गाडीत, टपालाच्या डब्यात,
दोन्ही साखळ्या एकाच खणात पडल्या असतील,
एकमेकींना खेटून.

गेल्या वैशाखात तिला खासवाडीला पोचवून आलो.
ट्रंकेतले छाप कसरीनं एकजीव केलेत,
जहाजात पोपट, पोपटात तलवार.
रद्दीवाला म्हणाला, ओला माल, भाव नाही.

पर्सच्या चोरकप्प्यात एकच कार्ड होतं.
पेन्सिल पुसट झालीय. "रागावू नको" तेवढं लागतं.

मी छप्पन्नचा. सुमीही तेवढीच असेल,
एखाददोन वर्षं इकडेतिकडे.
असेल.