टकटक

डंडीत, नदीवरचं धुकं जिन्यापर्यंत आलेलं असताना
एफी बॅल्फर दार उघडते
आणि माझ्याआधी माझ्या शिडीला आत घेते.
"छत खाली येतंय," ती म्हणते.
"मी जायच्या आधी की नंतर, तेवढं सांग."

मी बोटांच्या पेरांनी सुरुवात करते.
भिंतीला कान असतात म्हणतात. असतील.
मला आजवर तोंडंच जास्त भेटली.

खिडकीखाली: ठस्स. भरीव. ठीक.
दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग:
घर थोडं बसलंय. सव्वाशे वर्षं उभं राहून
कोण नाही बसत?
कडा काळ्या पडल्यात, आत कोळिष्टक.
जुनी आहे, वाढत नाही, तिच्या वाटेला जाऊ नका.
आणि या केसाएवढ्या बारीक रेषा, सगळीकडे:
हीटर लागले की लाकूड आकसतं,
बंद झाले की फुगतं,
गिलावा त्याच्यामागे धावतो आणि दमतो.

धुराड्याच्या बाजूला पिवळा डाग, वर लोणा.
"तीनदा रंगवलं मी."
रंगाचा दोष नाही. आत साठ वर्षांची काजळी आहे,
तिच्यातले क्षार हवेतलं पाणी पितात,
पाऊस नसला तरी भिंतीला घाम.
त्यावर कुणी तरी सिमेंट थापलंय,
म्हणून ओल शेजारून फुटली.
"वॉटी," एफी म्हणते. "माझा नवरा.
सगळं सिमेंटनंच मिटवायचा."

आता छत.
शिडीच्या चौथ्या पायरीवरून तळवा टेकवते
आणि ते किंचित वर जातं,
झोपलेल्याच्या छातीसारखं.

वर लाकडी पट्ट्या असतात.
घोड्याचे केस कालवलेला ओला चुना
फटींतून वर चढतो, पलीकडे वाकतो,
सुकून आकडा होतो.
एवढ्यावर सगळं लटकलेलं.
ते आकडे तुटलेत.

पाणी? डाग नाही.
खिळे? ओढून पाहिले, धड आहेत.
मग हादरे.
"वर कोण राहायचं?"

एफी किटली भरते. नळ बराच वेळ चालू.
"लॉकलन. तागाच्या गिरणीतला.
गिरणी बंद झाली त्या हिवाळ्यापासून
रात्री बूट घालून नाचायचा.
एकटाच. गाणं नाही, बाजा नाही."

मी टॉर्च छताला समांतर धरते.
तिरप्या उजेडात काही लपत नाही:
खळगे. गोल, बाटलीच्या बुचाएवढे,
तिच्या खुर्चीच्या बरोबर वर.
दहा, वीस, मग मी मोजणं सोडते.
हे वरून आलेले नाहीत.

ती कपाटामागून झाडू काढते.
दांड्याचं टोक अजून पांढरं.

"अकरा वर्षं. मी ठोकलं की थांबायचा,
मग दोनदा टाच आपटायचा. झोप आता, म्हणून.
नंतर नंतर तर
तो नाचायच्या आधीच मी ठोकायला लागले."
किटली शिट्टी घालते, ती उठत नाही.
"शेवटच्या आठवड्यात जरा जोरातच ठोकलं.
मला काय माहीत, तो दवाखान्यात होता."

माझ्या वहीत कारणाचा रकाना असतो.
ओल, गंज, हलका माल, असलं काहीबाही येतं त्यात.
मी "हादरे" लिहिते.
थांबून पुढे: "दोन्ही बाजूंनी."

पाडायचं नाही असं ठरतं.
पितळी चकत्या, पट्टीपर्यंत पोचणारे स्क्रू,
वीत वीत अंतरावर, वरून पातळ थर.
"खळगे भरून घेऊ?"
"बाकीचं छत कर. खुर्चीवरचं राहू दे."
तेवढ्या चौकोनाचे पैसे कसे वजा करायचे
मला सुचत नाही.

चहा इतका कडक की चमचा उभा राहील.
वर आता नवं जोडपं आहे,
जाड गालिचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
"कधी पाऊल वाजत नाही," एफी म्हणते.
तक्रार करावी तसं.