सुपातले

रायबंदरला, फेरीच्या धक्क्याकडे उतरणाऱ्या बोळात
जिथं पूर्वी सोड्याच्या बाटल्या भरायचे
तिथं आता सहा टेबलं.
सहावं एका पायानं लंगडं,
त्याच्याखाली घडी करून सारलेला आमचाच पेपर,
पान चार, निधनवार्ता.
मी तिथंच बसते.

पाटी बाहेर. खडूनं, देवनागरीत,
कारण ओदील म्हणते, गल्लीला वाचता आलं पाहिजे.
सात वर्षांमागे रात्रपाळी करून
पणजीहून शेवटच्या बसनं उतरले, आणि समोर :
आजचे सुप – कांद्याचे.
हात राहिला नाही.
बोटाला थुंकी लावून पहिला उकार पुसला,
उंबऱ्यावरचा खडू उचलून दुसरा काढला.
दार उघडलं. उंच बाई, ओला एप्रन.
"चूक?"
"चूक."
"मग बसा."
एवढंच मराठी होतं तिच्याजवळ. पुरलं.

पहिला घोट आवडला नव्हता.
आंबट, मागाहून तुरट,
पत्र्यावर वाळत घातलेलं भिरंडाचं साल
चोरून चघळावं तसा.
दुसऱ्या घोटाला आठवलं,
मी तरीही चघळायचे.

कांदे चार तास.
घाई केली की जळतात, पाठ फिरवली की रुसतात.
शाबलो ढवळतो, दिवाडीचा, फेरीवरून निवृत्त झालेला,
सुकाणू धरावं तसा डाव धरून.
लांब फ्रेंच पाव तिनं दोन पावसाळे करून पाहिला,
इथल्या हवेत तासाभरात त्याची वादी व्हायची.
आता चीजखाली बुडतो तो रोमाल्द पोदेराचा उंडो.
रोमाल्दला हा अपमान वाटतो.
तरी रोज दोन जास्त टाकतो.

घरी गुरुवार शिवराक.
वहिनी माझ्या पदराचा वास घेते,
बोलत नाही, उशाशी बडीशेप ठेवते.

कळंगुटला म्हणे असली शंभर, समुद्रासकट.
इथं खिडकीत खाजणाचा चिखल,
भरतीला घुरघुरत जाणारी फेरी,
आणि लांब, नदीत सांडलेले कॅसिनोचे दिवे.
गाणं नाही. आवेलिन मास्तर आले तर
टेबलाच्या कडेवर बोटं चालवतात,
त्यांचा पियानो विकला गेला.
एकट्याच का, असं कुणी विचारत नाही.
समोरची खुर्ची उचलूनही नेत नाहीत.

एकदा ओदीलनं विचारलं :
"'सूप' दुसरा, मग 'सुपात' पहिला का?"
प्रत्यय लागला की उकार आखडतो, म्हटलं.
मग पाखडायचं सूप हातांनी करून दाखवलं,
आणि ओघात ती म्हणही,
जात्यातले रडतात, सुपातले हसतात.
शाबलोनं तिला समजावलं, त्याला येतं तेवढ्या फ्रेंचमध्ये.
खूप हसलो. तिघंही.
त्याच महिन्यात आमच्या टेबलावरचे दोघे कमी झाले होते.

या गुरुवारी पाळी नव्हती.
ऱ्हस्व-दीर्घ आता यंत्र बघतं.
मला शाल, आणि शब्दशः नारळ.
चार वाजताच उतरले, बोळात ऊन होतं,
कांद्याची पोती नुकती उघडलेली.
आणि पाटीवर : आजचे सुप.
पहिला उकार.

आत भिंतीवर वाईनची यादी, तिच्याच अक्षरात,
बुर्गोन्य, ऱ्होन, जोडाक्षरं कशी ताठ, एक चूक नाही.
खाली दरपत्रकात, बारीक : सूप. दुसरा.
सात वर्षं मी ही भिंत
वाचली कशी नाही, मी,
जिची यावर भाकरी चालली.

खडू उंबऱ्यावर होता.
मी पुसलं. दुसरा काढला.
नारळ शाबलोला दिला,
त्यानं कानाशी हलवून पाणी ऐकलं.
ओदील आज "बसा" म्हणाली नाही.
सुरी पुढं केली, मूठ माझ्याकडं करून.
"पातळ," ती म्हणाली,
आणि तिचा ळ
पहिल्यांदाच नीट पडला.