टेलला पाणी

डंडीच्या इस्पितळात, सहाव्या मजल्यावर,
प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या रात्री
दादा ताडकन उठून बसले :
गेट कोणी उघडलं?

वर स्टँडला सलाइनच्या दोन फुगीर पिशव्या,
खाली पलंगाच्या दांडीला एक,
मधे नळी, नळीत फिकट गुलाबी पाणी.
डॉक्टर याला इरिगेशन म्हणतात.
चौतीस वर्षं इरिगेशनमध्ये काढलेल्या माणसापुढे
हा शब्द उच्चारायला नको होता.

मोरा नावाची नर्स, तळहातावर पेनने आकडे लिहिलेली,
विचारते : मिस्टर शेव्हाली, आपण कुठे आहोत?
डावा कालवा, चारी नंबर सात.
महिना कोणता?
रब्बीचं दुसरं आवर्तन.
बरं, डिसेंबरपासून महिने उलटे म्हणा पाहू.
दादा माझ्याकडे वळतात, नव्या कारकुनाकडे वळावं तसे :
यांना सांगा, पाणी उलटं चढत नाही.

डेलिरियम, मोरा म्हणाली. भूल, औषधं, अनोळखी खोली.
बहुतेकांचं उतरतं.
तुमच्याकडे काय म्हणतात याला?
वात, मी म्हणाले. म्हणजे वारा.
तिने खिडकीकडे पाहिलं.
टे नदीवरून तो येतच होता.

तीनच्या सुमारास ते नळी उपसू लागले.
टेलला पाणी पोचत नाही,
वरचे भरून घेतात,
टेलवाले बॅटऱ्या घेऊन बांधावर बसलेत थंडीत,
चारीत गाळ आहे, लिहून घ्या, बाई.
दादा, मी विभा. दादा, हे स्कॉटलंड आहे,
मी म्हणत राहिले,
जणू स्कॉटलंड हा पुरावाच होता.
शेवटी थकून, खोटंखोटं,
फॉर्म पालथा करून पेन उघडलं :
कुठे अडलंय?

त्यांनी माझा हात धरून पोटावर ठेवला.
बेंबीखाली टणक, टरारलेलं,
काठोकाठ.
मी वाकून खालची पिशवी पाहिली.
मघापासून तेवढीच.

मोरा धावत आली. वरचा चिमटा बंद.
सिरिंज, दाब, ओढ. पुन्हा.
तिसऱ्या खेपेला जांभळाएवढी काळी गुठळी आली
आणि सुटलं,
आधी लाल, मग वीटकरी, मग नुसतं वाहणारं.

दादा कान देऊन ऐकत होते.
टेल?
पोचलं, मी म्हणाले.
वेळ टाका.
चार वाजून दहा.

इथे डिसेंबरात साडेआठला उजाडतं.
टोस्ट बाजूला सारून त्यांनी तो कागद मागितला,
चार-दहाच्या खाली सही केली,
त्र्यं. बा. शेवाळे, कालवा निरीक्षक,
हात जराही न कापता.
मग टोपण लावून पेन मला परत दिलं
आणि हलक्या आवाजात, कामाचं नसलेलं विचारावं तसं विचारलं :
बाई, आमची विभा कधी यायची आहे?

संध्याकाळी, मी म्हणाले.
संध्याकाळी येईल.